बुरशी चांगलीच आहे, पण आधी पेंढा तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुजलेल्या पेंढ्यावरून एक बुरशी वेगळी केलीत, सीएमसीच्या प्लेटवर काँगो रेड हा रंग ओतल्यावर तिच्याभोवती छान रुंद वलय आलं, तर तिच्या जोरावर भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवण्याचा पदवीचा प्रकल्प घ्यावा का? आणि हे एवढं जमण्यासारखं असेल तर जगातले मोठमोठे कारखाने बंद का पडले? मी प्रायोगिक संयंत्रावर बरीच वर्षं हेच काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मत आधीच सांगून टाकतो. हल्ली एन्झाइमपायी फारसं अडत नाही, काडापायी अडतं. तेव्हा प्रकल्पाचे महिने काडावर घालवा.

आधी त्या वलयाबद्दल. सीएमसी हे पाण्यात विरघळणारं सेल्युलोज. त्याची साखळी मधेच कुठेतरी तोडणारं एंडोग्लुकानेज असलं की वलय येतं, आणि मातीतल्या ढीगभर बुरश्या-जिवाणूंकडे ते असतं. पेंढ्यातलं सेल्युलोज विरघळलेलं नसतं. साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, भोवती हेमिसेल्युलोज (दुसऱ्या साखरांच्या साखळ्या, त्यातली मुख्य झायलान), त्यात लिग्निन (काडाला कडकपणा देणारा चिवट पदार्थ) मुरलेलं. तिथे साखळीच्या टोकाकडून ग्लुकोजच्या जोड्या सोडवणारं सेलोबायोहायड्रोलेज लागतं, त्या जोड्या फोडायला बीटा-ग्लुकोसिडेज लागतं, झायलान तोडणारं झायलानेज लागतं, आणि घट्ट पृष्ठभागावर ऑक्सिडेशन करून खाचा पाडणारी एलपीएमओ नावाची एन्झाइमंही लागतात (त्यांचं काम कसं चालतं ते २०१० पासून उलगडत गेलं). म्हणून प्लेटवर थांबू नका, फिल्टर पेपरची चाचणी करा. व्हॉटमन १ ची १ बाय ६ सेंमीची पट्टी, वजन सुमारे ५० मिलिग्रॅम, ५० अंश सेल्सियस, पीएच ४.८, एक तास. त्यातून २ मिलिग्रॅम ग्लुकोज सुटलं पाहिजे, म्हणजे जेमतेम चार टक्के. ऐकायला सोपं वाटतं, पण प्लेटवर मोठ्या दिमाखात वलय दाखवणाऱ्या कित्येक बुरश्या इथे नापास होतात. तासाने नळीत बघावं तर पट्टी ठेवली तशीच! आणि एन्झाइमचा ब्लँक (पट्टीशिवाय नुसत्या एन्झाइमची नळी) लावायला विसरू नका. बुरशीच्या द्रवात आधीच साखर असते आणि डीएनएसला (साखर मोजायच्या रसायनाला) ती कुठून आली याच्याशी काही देणंघेणं नसतं.

तुमच्या बुरशीची स्पर्धा कुणाशी आहे तेही बघा. ट्रायकोडर्मा रीसाय दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर सैन्याचे सुती तंबू खाताना सापडली. त्या क्यूएम६ए नावाच्या मूळ वाणापासून आरयूटी-सी३० आणि पुढचे औद्योगिक वाण तयार झाले, ते आज दर लिटरला १०० ग्रॅमहून जास्त प्रथिन बाहेर टाकतात. तुमचा फ्लास्क एक-दोन ग्रॅमवर गेला तरी आनंद माना. पदवीच्या प्रकल्पाने तिला मागे टाकायची गरजही नाही. बाजारातलं तयार मिश्रण घ्या आणि आपल्या बुरशीचं एन्झाइम त्यात थोडं मिसळून काही भर पडते का ते बघा. तो प्रश्न जास्त कामाचा आहे.

आता हिशेब. टनभर कोरड्या पेंढ्यात साधारण ३५० किलो सेल्युलोज धरा. पाणी जोडून त्याचं ३८९ किलो ग्लुकोज होतं, एक किलो ग्लुकोजमधून जास्तीत जास्त ०.५११ किलो इथेनॉल, म्हणजे अंदाजे २५० लिटर. २०० किलो झायलान धरलं तर त्यातून आणखी १४५ लिटर. कागदावर सगळे मिळून चारशेच्या घरात. आता कारखान्यांनी स्वतः जाहीर केलेले आकडे बघा. रोमानियातल्या पोदारीच्या कारखान्यात क्लॅरियंट या स्विस कंपनीने २,५०,००० टन काडापासून ५०,००० टन इथेनॉल धरलं होतं, म्हणजे टनाला सुमारे २५० लिटर. पानिपतच्या इंडियन ऑइलच्या प्रकल्पात (२०२२) दोन लाख टन पेंढ्यापासून तीन कोटी लिटर, म्हणजे टनाला १५०. ओलावा आणि राख वेगळी असल्याने या दोघांची थेट तुलना करू नका, पण चारशेपासून दोन्ही किती दूर आहेत ते लक्षात घ्या. मधली तूट कुठे जाते, तिथेच तुमचा प्रकल्प आहे.

पहिली गळती प्रीट्रीटमेंटमध्ये, म्हणजे एन्झाइमला वाट मिळावी म्हणून काड आधी मोकळं करण्यात. काड १८० ते २१० अंशांच्या वाफेत काही मिनिटं ठेवून दाब एकदम सोडतात. बाहेर येतो तो गडद तपकिरी, आंबूस आणि जळक्या साखरेच्या वासाचा चोथा. त्या वासातच अर्धी माहिती असते. आंबटपणा ॲसिटिक आम्लाचा, हेमिसेल्युलोजवरच्या ॲसिटिल गटांतून सुटलेला. जळका वास म्हणजे साखर जळायला लागली. झायलोजपासून (झायलानमधली पाच कार्बनची साखर) फरफ्युरल, ग्लुकोजपासून एचएमएफ. हे दोन्ही साखरेचं इथेनॉल करणाऱ्या यीस्टला मारक. वाफ कमी दिली तर एन्झाइम आत शिरत नाही, जास्त दिली तर साखर जाते आणि वर विष तयार होतं. सौम्य आम्ल वापरायचा विचार असेल तर आणखी एक गोम आहे. राखेतले पोटॅश-कॅल्शियमचे क्षार तुमचं आम्ल आधी खातात, त्यामुळे एका गाठीला बेतलेला डोस दुसऱ्या गाठीला लागू पडत नाही.

नंतर घट्टपणा. मद्यार्क चार टक्क्यांच्या खाली राहिला तर ऊर्ध्वपातनाची वाफच परवडत नाही, म्हणून मिश्रणात घनभाग १५-२० टक्के ठेवावा लागतो. वीस टक्क्यांना त्यात मोकळं पाणीच दिसत नाही. ढवळणी फक्त आपल्यापुरता खड्डा पाडून त्यात फिरत राहते आणि बाकीचा चोथा भिंतीला चिकटून बसतो. एन्झाइम टाकून काही तास चिकाटीने चालवलं की हळूहळू सैल पडून वाहायला लागतं, आणि हे बघायला खरंच मजा येते. शोधनिबंधातले ९० टक्के रूपांतराचे आकडे बहुधा दोन-पाच टक्के घनभागावरचे असतात, तेवढी ओळ आधी वाचत जा. एलपीएमओला ऑक्सिजन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं आणि यीस्टला मद्यार्क करायला हवाबंद भांडं, म्हणून दोन्ही कामं एकाच वेळी एकाच भांड्यात उरकायची जुनी युक्ती नव्या एन्झाइमांना तितकीशी मानवत नाही.

पाच कार्बनच्या साखरेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण नेहमीचं यीस्ट झायलोजला शिवत नाही. त्यासाठी बरंच जनुकीय काम झालंय. फ्लोरिडा विद्यापीठात लॉनी इंग्रॅम यांच्या गटाने ई. कोलायमध्ये झायमोमोनास या जिवाणूची जनुकं घालून इथेनॉल काढलं, आणि १९९१ मध्ये अमेरिकेचं ५०,००,००० क्रमांकाचं पेटंट याच कामाला मिळालं. पुढे डेल्फ्टच्या गटाने हत्तीच्या शेणातल्या पायरोमायसिस बुरशीचं झायलोज आयसोमरेज हे एन्झाइम यीस्टमध्ये चालवलं. हा प्रश्न तत्त्वतः सुटलेला आहे, त्यात नव्याने शिरू नका.

खरी डोकेदुखी म्हणजे काड. मोकळा पेंढा घनमीटरला पन्नास-ऐंशी किलो भरतो, गाठ बांधली तरी दीडशेच्या आसपास. ट्रक भरतो तो हवेने. पीक वर्षातून काही आठवडेच निघतं, कारखान्याला मात्र बारा महिने माल हवा, म्हणजे गंजी आल्या. ओलावा वीस टक्क्यांवर गेला की गंज आतून तापते, बुरशी धरते, आणि पेटतेसुद्धा. भाताच्या पेंढ्यात राखच १५ ते २० टक्के, बहुतेक सिलिका, आणि बेलरने (गाठी बांधणाऱ्या यंत्राने) जमीन खरवडून उचललेली माती वर वेगळी. पेंढा क्रूसिबलमध्ये ५७५ अंशांवर जाळून बघा. पांढुरक्या राखेत पात्याच्या शिरांचा सांगाडा जसाच्या तसा उभा राहतो, ती झाडाची सिलिका. बोटाने चुरल्यावर तळाशी खरखरीत कण लागले तर ती माती. हीच सिलिका आणि रेती स्क्रू फीडर झिजवते, व्हॉल्व्ह कापते. प्रीट्रीटमेंटची अडचण सुटली असं अमेरिकेतल्या पोएट-डीएसएम या काडापासून इथेनॉल काढणाऱ्या कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर केलं, म्हणजे २०१४ पासून ते कशाशी झगडत होते ते कळतं. २०१९ मध्ये त्यांच्या कारखान्यातलं उत्पादन थांबलंच. कॅन्ससमधला अबेंगोआ या स्पॅनिश कंपनीचा कारखाना मूळ कंपनीच्या कर्जात बुडाला, पोदारी २०२३ च्या अखेरीस बंद झाला. प्रत्येकाची कारणं वेगळी, पण चांगलं एन्झाइम मिळत नव्हतं हे कारण यात कुणाचंच नव्हतं.

मला सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं ते अमेरिकेत आयोवातल्या नेवाडा गावच्या कारखान्याचं. ड्युपाँटने २०१५ मध्ये मक्याच्या काडापासून इथेनॉल काढायला तो कारखाना उघडला. २०१८ मध्ये व्हर्बिओ या जर्मन कंपनीने तो विकत घेतला आणि त्याच काडापासून गॅस काढायला घेतला. यात शहाणपण आहे. हवाबंद डायजेस्टरमधल्या जिवाणूंना सहा आणि पाच कार्बनच्या साखरा सारख्याच, ॲसिटिक आम्ल तर त्यांचं खाद्यच. मिथेन आपण होऊन वर येतो, ऊर्ध्वपातन नाही. टनामागे १५० घनमीटर मिथेन मिळाला तरी ऊर्जेच्या हिशेबात तो २५० लिटर इथेनॉलच्या बरोबरीला येतो, आणि पोटॅश-नत्र स्लरीतून शेतात परत जातं. अर्थात तिथेही काड तरंगून वर साय धरतं, रेती तळाशी साचते, आणि पेंढ्यात कार्बनच्या मानाने नत्र फार कमी असल्याने शेण किंवा तसं काही मिसळावं लागतं.

मग इंधनच कशाला, वस्तू का नकोत? हा प्रश्न मला जास्त आवडतो. फरफ्युरल, जे यीस्टला विष, तेच क्वेकर ओट्सने १९२२ च्या सुमारास ओटच्या टरफलांपासून कारखान्यात काढायला सुरुवात केली. आजही ते शेतातल्या काडीकचऱ्यापासूनच येतं. भाताच्या तुसाच्या राखेत सिलिका ८५-९५ टक्के असते. जाळताना तापमान आटोक्यात ठेवलं तर ती स्फटिक न होता रबर आणि सिमेंटच्या उपयोगी पडते. शुद्ध झायलोज हाती असेल तर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) आहे, पण ते 'शुद्ध' फार महाग पडतं. पऱ्हाट्या, तुऱ्हाट्यांसारखं लाकडी काड इथेनॉलला त्रासदायक, पण त्यावर बुरशीचं जाळं साच्यात वाढवून, मग भाजून, पॅकिंगचे ठोकळे छान होतात. तिथे लिग्निन खाणारी अळिंबीच्या जातीची बुरशी लागते. आणि गंमत अशी की काड नीट निर्जंतुक केलं नाही तर त्यावर हिरवी बुरशी चढते ती ट्रायकोडर्मा! इथेनॉलवाल्यांची लाडकी, या लोकांची वैरीण. लिग्निनबद्दल मी फार आशावादी नाही. फिनॉलच्या गोंदात काही भाग खपतो, बाकी बहुतेक कारखाने ते बॉयलरमध्येच जाळतात.

पिकातच बदल करून काड सोपं करता येईल का, हेही तुम्ही ओझरतं विचारलंय. मक्याचा तपकिरी शिरेचा, कमी लिग्निनचा वाण १९२४ मध्येच मिनेसोटात दिसला होता. जनावरांना तो पचतो छान, पण पीक लोळण्याचा धोका वाढतो आणि उतारा घटतो. भातात सिलिका शोषणारं एलएसआय१ हे जनुक २००६ मध्ये सापडलं. ते बिघडवलं की पेंढ्यातली सिलिका घटते, आणि त्याबरोबर रोग-किडींना तोंड देण्याची ताकदही. शेतकरी दाण्यासाठी पेरतो, काडासाठी नाही. तसंच शेतातलं सगळंच काड उचलायचं धरून हिशेब मांडू नका. भाताने घेतलेलं बहुतेक पोटॅश पेंढ्यातच असतं. सगळा पेंढा नेलात तर ते बाहेरून घालावं लागेल.

तर प्रकल्प असा घ्या: एकाच शेतातला पेंढा तीन तऱ्हेने गोळा करा. मळणीनंतर लगेच उचललेला, पावसात भिजून वाळलेला, आणि जमिनीवरून खरवडून गाठ बांधलेला. तिन्हींची राख, ओलावा, सेल्युलोज आणि झायलान काढा. मग सारखीच प्रीट्रीटमेंट, सारखंच एन्झाइम, १५ टक्के घनभाग, आणि सुरुवातीच्या शंभर ग्रॅममधलं काय कुठे गेलं याचा पूर्ण ताळेबंद, गाळलेल्या पाण्यातल्या साखरेसकट. उरलेल्या चोथ्यावर मिथेनची बाटली-चाचणी लावता आली तर उत्तम. पावसात भिजलेल्या काडातून पोटॅश आणि क्लोराइड धुऊन जातं, डेन्मार्कमध्ये बॉयलरला तसं करडं काड जास्त चांगलं मानतात. एन्झाइमच्या बाबतीत काय होतं ते तुमच्या आकड्यांतून दिसेल.

राख आणि ओलाव्याचे आकडे आले की इथेच टाका, आम्लाचा डोस आणि एन्झाइम किती घ्यायचं ते त्यावरून सांगतो. बुरशी तोवर स्लँटवर (तिरक्या आगरच्या नळीत) जपून ठेवा.