पहिलं लाकडी टेबल: पाय-पट्टीचा सांधा आणि मोकळा टॉप

तुमचं रेखाचित्र आणि प्रश्न दोन्ही नीट पाहिले. १२०० × ६०० मिमीचं लिहायचं टेबल, फळ्या जोडून केलेला २२ मिमी जाड टॉप, ४५ मिमीचे चौकोनी पाय, ते पाय खालून लोखंडी कोनांनी थेट टॉपला जोडलेले आणि हलू नये म्हणून सगळीकडे गोंद. विचारलंय एवढंच की लाकूड पाइनचं घेऊ की सागाचं. त्याचं उत्तर देतोच, पण आधी रेखाचित्राबद्दल बोलायला हवं. हे टेबल किती वर्षं टिकेल ते लाकडाच्या जातीपेक्षा दोन गोष्टींवर ठरणार आहे: पाय कशात अडकवलेत आणि टॉपला हलायला जागा ठेवली आहे का.

वजनाने टेबल सहसा मोडत नाही. चार सरळ पायांवर माणूस उभा राहिला तरी ते पेलतं. टेबलाला खिळखिळं करतो तो आडवा धक्का. खुर्चीतून उठताना आपण कडेवर हात टेकतो, खोडरबराने जोरात खोडतो, जागा बदलताना टेबल एका बाजूने ओढतो. पाय लांब, त्यामुळे खालून आलेला प्रत्येक ओढा तरफेसारखा वाढत वर जातो आणि सगळा जोर पायाच्या वरच्या टोकाशी असलेल्या सांध्यावर पडतो. तिथे कोनाचे चार बारीक स्क्रू असतील, तर दर धक्क्याला ते आजूबाजूच्या लाकडाचे धागे थोडे थोडे चेपत जातात. भोकं सैल होतात, तुम्ही स्क्रू पुन्हा आवळता, काही दिवसांनी ते नुसतेच गोल फिरू लागतात.

म्हणून पाय टॉपला जोडू नका, आडपट्ट्यांना जोडा, म्हणजे टॉपच्या लगेच खाली एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत जाणाऱ्या फळ्यांना. चार पाय आणि चार आडपट्ट्या मिळून एक सांगाडा तयार होऊ द्या, जो टॉपशिवायही ताठ उभा राहील. पट्टी जितकी उंच तितका सांधा आडव्या धक्क्याला कमी दाद देतो, कारण वरची आणि खालची कड एकमेकींपासून लांब जाते. पण पुढची पट्टी फार उंच केली तर मांड्या अडतात. टेबलाची उंची ७४०, त्यातून टॉपचे २२ आणि पट्टीचे ९० वजा केले की खाली ६२८ मिमी मोकळे उरतात. बहुतेकांना एवढं पुरतं. तरी आधी तुमच्या खुर्चीत बसून जमिनीपासून मांडीच्या वरच्या बाजूपर्यंत मोजून घ्या. मागच्या पट्टीला गुडघे लागत नाहीत, ती १२० चीही चालेल, आणि मी ती नेहमी तशीच करतो.

पाय ४५ ऐवजी ५५ मिमीचे घ्या. हे दिसण्यासाठी सांगत नाही. पट्टीच्या टोकाला कुसू, म्हणजे भोकात शिरणारं चपटं टोक, काढायचं आणि पायात त्याच्या मापाचं भोक पाडायचं, हा सांधा धरला तर प्रत्येक पायात दोन बाजूंनी दोन भोकं येतात आणि ती आत एकमेकांकडे सरकतात. पट्टी २२ मिमी जाड आणि पायाच्या बाहेरच्या बाजूपासून ३ मिमी आत धरा. कुसू जाडीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे ८ मिमीचं करा. मग ५५ च्या पायात ३२ मिमी लांबीचं कुसू दुसऱ्या भोकाला न भिडता बसतं. ४५ च्या पायात ते २५ च्या पुढे नेणं अवघड. हे सहा-सात मिलिमीटर म्हणजे गोंदाला धरायला तेवढं जास्त लाकूड, म्हणून ते सोडू नका.

भोक पायाच्या अगदी वरच्या टोकापासून सुरू करू नका, वर १२-१५ मिमी भरीव लाकूड राहू द्या. पाय आधी २० मिमी जास्त लांब कापा आणि भोकं पाडून झाल्यावरच मापात आणा. पटाशी (सुताराची छिन्नी) ठोकताना टोक फाटतं ते या जास्तीच्या तुकड्यात फाटू दे. भोक कुसवापेक्षा दोन मिलिमीटर खोल ठेवा, म्हणजे जास्तीच्या गोंदाला जायला जागा मिळते.

कुसू बसवताना घाई करू नका, मला या कामात सगळ्यात जास्त आवडतो तो हाच भाग. कुसवाच्या दोन्ही गालांवर, म्हणजे रुंद बाजूंवर, मऊ पेन्सिल आडवी घासा आणि ते भोकात हाताने दाबा. अडलं की बाहेर काढून उजेडात तिरकं धरा. जिथे घट्ट आहे तिथे शिसं घासून चकचकीत डाग पडलेला दिसेल. तेवढाच डाग धारदार पटाशीने तासा, कांद्याच्या सालीइतका पातळ. पुन्हा पेन्सिल, पुन्हा दाबा. हाताने पाऊण आत गेलं आणि उरलेलं मोगरीच्या (लाकडी हातोड्याच्या) एक-दोन हलक्या ठोक्यांनी बसलं की थांबा. ठोकून ठोकून घालावं लागलं तर पाय चिरेल किंवा सगळा गोंद खरवडून बाहेर येईल. आपल्या वजनानेच आत घसरलं तर सैल झालं, मग गालावर त्याच लाकडाची पातळ चकती चिकटवून परत तासा. प्रत्येक सांध्याला दोन्हीकडे एकच नंबर घाला. ज्या भोकात कुसू बसवलं त्याच भोकात ते जायला हवं.

गोंद लावण्याआधी अख्खा सांगाडा एकदा कोरडा जोडून क्लॅम्प लावून पाहा. पीव्हीए, म्हणजे सुतारकामाचा पांढरा गोंद, लावल्यावर हातात काहीच मिनिटं असतात, त्या वेळात क्लॅम्प शोधत बसता येत नाही. आधी दोन आखूड बाजू चिकटवा, दुसऱ्या दिवशी लांब पट्ट्यांनी त्या जोडा. दोन्ही वेळा कर्ण मोजा. दोन कर्ण सारखे आले तर काटकोन बरोबर. फरक आला तर लांब कर्णाच्या दिशेने एक क्लॅम्प तिरका लावून हलकेच आवळा, मिलिमीटर-दोन मिलिमीटर सहज सरकतात. गोंद सुकल्यावर यातलं काही करता येत नाही.

आता टॉप. तुमच्या रेखाचित्रात मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटली, कारण मी स्वतः हेच केलं होतं. माझ्या पहिल्या टेबलाचा टॉप मी चारही पट्ट्यांवर गोंद लावून, वर स्क्रूने आवळून बसवला. काम दमट दिवसांत केलं होतं. हवा कोरडी झाली तेव्हा एका रात्री खोलीत काठी मोडल्यासारखा आवाज आला. सकाळी पाहिलं तर एका टोकापासून हातभर लांब चीर गेली होती, टोकाशी नखाचं टोक आत जाईल एवढी रुंद. जोडावर नव्हे, जोडाच्या शेजारी, चांगल्या लाकडातून. गोंदाने आपलं काम चोख केलं होतं आणि म्हणूनच लाकूड फाटलं.

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. लांबीत त्याचा फरक जवळजवळ नगण्य असतो, रुंदीत मात्र चांगला मोजता येईल इतका. ६०० मिमी रुंदीचा टॉप वर्षभरात चार-पाच मिलिमीटर कमीजास्त होऊ शकतो. त्याच्याखालची आखूड आडपट्टी आपल्या लांबीत हलत नाही. एक हलणार, दुसरी हलणार नाही, आणि दोघी गोंदाने बांधलेल्या. अशा वेळी काहीतरी फाटणारच.

म्हणून टॉपच्या खाली गोंद अजिबात नको. पट्ट्यांच्या आतल्या बाजूला, वरच्या कडेपासून १० मिमी खाली, एक लांब खोबण पाडा. लाकडाचे छोटे ठोकळे करा, त्यांच्या एका टोकाला जीभ काढा. जीभ खोबणीत, ठोकळ्याचं अंग टॉपला खालून स्क्रूने. ठोकळ्याच्या वरच्या बाजूपासून जीभ १० ऐवजी ९ मिमीवर ठेवली की स्क्रू आवळताना टॉप आपोआप खाली ओढला जातो. पुढच्या पट्टीवरचे ठोकळे पूर्ण आत सारून बसवा, म्हणजे पुढची कड जागेवर राहील. मागच्या पट्टीवर जीभ पाच मिलिमीटर आत-बाहेर जायला जागा ठेवा. बाजूच्या पट्ट्यांवरचे ठोकळे खोबणीतून आपोआप सरकतात. खोबण जमत नसेल तर पट्टीतून लांबट भोक आणि वॉशरसह स्क्रू, तेही चालतं. स्क्रू टॉपमधून आरपार जाणार नाही ना, ते मात्र दोनदा मोजा.

लाकडाचं म्हणाल तर पहिल्या टेबलाला पाइन घ्या. ते हाताच्या अवजारांनी सहज कापता येतं आणि एखादं कुसू बिघडलं तर दुसरं करायला जीव दुखत नाही. मऊ असल्याने लिहिताना खाली जाड कागद ठेवावा लागेल, नाहीतर पेनाच्या रेघा उमटतात. साग कमी हलतो आणि सुंदर दिसतो, पण त्यातल्या सिलिकामुळे पटाशी आणि रंध्याची धार पटकन जाते. शिवाय तो तेलकट असल्याने गोंदाआधी सांधे थिनरने पुसावे लागतात. तो दुसऱ्या टेबलाला घ्या. जातीपेक्षा लाकूड वाळलेलं आणि सरळ धाग्याचं आहे की नाही हे जास्त महत्त्वाचं. आणल्यावर दोन-तीन आठवडे खोलीतच, फळ्यांमध्ये बारीक पट्ट्या घालून, हवा खेळेल असं रचून ठेवा. जी फळी पिळणार आहे ती तिथेच पिळेल, आणि मग तिचे आखूड तुकडे करून वापरता येतील. टॉपचं हे सगळं नको वाटलं तर १८ मिमीचं प्लायवूड घेऊन कडेला लाकडी पट्टी लावा. ते हलतच नाही म्हटलं तरी चालेल, आणि त्यात कमीपणा काही नाही.

पॉलिश कुठलंही करा, पण टॉपच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंना सारखेच हात द्या. एकच बाजू बंद केली तर उघड्या बाजूने ओल आत-बाहेर होते आणि टॉप वाकतो. जवसाचं तेल वापरलं तर तेलाची फडकी चुरगळून टाकू नका. सुकताना ती आतून तापतात आणि आपोआप पेटू शकतात. उघड्यावर एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

शेवटी सांगाडा खरोखर सपाट असलेल्या जागेवर उभा करा. एखादा पाय उचललेला दिसला तर त्याखाली पातळ पाचर सारून डगमग थांबवा. मग एका सपाट ठोकळ्यावर पेन्सिल आडवी टेकवून चारही पायांभोवती सारख्या उंचीवर रेघ ओढा आणि त्या रेघेवर कापा. कापल्यावर पायांच्या खालच्या चारही कडा रंध्याने दोन मिलिमीटर तिरक्या मारा. टेबल ओढताना ढलप्या निघतात त्या नेमक्या तिथूनच.