वाचकांचे प्रश्न : बसमधल्या त्या रांगेतून चौघांनी का उठायचं?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचा विषय जवळजवळ एकच होता : अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि त्याबद्दल आपण इथे बोलायचं कसं.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. फेब्रुवारीत 'कृष्णवर्णीय इतिहास महिना' पाळतात असं वाचलं. गेल्या वर्षी नववीच्या मुलांनी रोझा पार्क्स यांच्यावर नाटुकलं केलं. तोंडाला काजळ फासलं आणि सगळा वर्ग हसत सुटला. यंदा दोन तास मिळतील. काय करू? (शिक्षिका, खानापूर तालुका)

काजळ पहिल्यांदा बंद करा. मुलं हसली यात त्यांचा दोष नाही, कारण त्या सोंगाचं कामच हसवणं होतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करत आणि लोक तिकीट काढून ते पाहायला जात. गुलामीचे प्रसंगही मुलांकडून वठवून घेऊ नका. कुणीतरी मालक होतो, कुणीतरी गुलाम, आणि ते टोपणनाव मुलाला दहावीपर्यंत चिकटतं.

पहिल्या तासाला फळ्यावर बस काढा. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स ज्या बसमध्ये होत्या तिच्यात 36 आसनं होती. पुढची 10 गोऱ्यांची, मागची 10 कृष्णवर्णीयांची आणि मधली 16 ड्रायव्हरच्या मर्जीवर. 1 डिसेंबर 1955 च्या संध्याकाळी रोझा पार्क्स मधल्या भागाच्या पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. त्या रांगेची चार आसनं काढा, चारांवर फुली मारा : चारही प्रवासी कृष्णवर्णीय. पुढे जागा भरली आणि एका गोऱ्या प्रवाशाला उभं राहावं लागलं. आता मुलांना विचारा, किती जणांना उठावं लागेल? बहुतेक जण 'एक' म्हणतील. उत्तर चार आहे, कारण गोरा माणूस बसलेल्या रांगेत दुसऱ्या कुणी बसायचंच नाही असा दंडक होता. तिघं उठले, रोझाबाई उठल्या नाहीत. इथे वर्ग गप्प होतो. लगेच बोलून ती शांतता मोडू नका.

मग रोझाबाई म्हणजे कुणी 'दमलेली म्हातारी', म्हणून उठली नाही, ही गोष्ट पुसून टाका. त्या 42 वर्षांच्या होत्या आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी संघटनेच्या स्थानिक शाखेचं सचिवपद सांभाळत होत्या. त्याच वर्षी 2 मार्चला क्लॉडेट कोल्विन ही 15 वर्षांची शाळकरी मुलगी अशीच जागेवरून हलली नव्हती. नववीच्या मुलांना तिचं वय लगेच भिडतं.

रोझाबाईंच्या त्या नकारानंतर कृष्णवर्णीयांनी बसवर टाकलेला बहिष्कार 381 दिवस चालला. तो टिकला कशामुळे? बसचे सुमारे तीन चतुर्थांश उतारू कृष्णवर्णीयच होते, त्यामुळे कंपनीचा गल्लाच आटला. शिवाय जवळजवळ 300 खासगी गाड्यांची ने-आण बसवली होती, थांबे ठरलेले होते. एसटी बंद पडली की वस्तीवरच्या पोरांची शाळा कशी बुडते हे तुमच्या मुलांना ठाऊक आहे, म्हणून वर्षभर पर्यायी व्यवस्था चालवणं म्हणजे काय ते त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही. अखेर नियम रद्द झाला तो न्यायालयात. त्या दाव्यातल्या चार फिर्यादी बायकांत कोल्विन होती, रोझा पार्क्स नव्हत्या. पुस्तकातल्या एका ओळीत हे सगळं गडप होतं.

दुसरा तास गाण्याचा. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या तुरुंगांच्या शेतांवर झाडं तोडताना कृष्णवर्णीय कैदी गात, त्याची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायला मिळतात. दोन मिनिटं लावा आणि कुऱ्हाड कुठे पडते तिथे मुलांना बाकावर थाप मारू द्या. एक जण ओळ टाकतो, बाकीचे झेलतात. बुवा आणि टाळकऱ्यांची सवय असलेल्या मुलांना हे दुसऱ्या फेरीतच जमतं. पण 'म्हणजे आपल्या भजनासारखंच' इथे थांबलात तर तास वाया गेला. गाणं कशासाठी होतं ते विचारा. सगळ्यांच्या कुऱ्हाडी एकदम पडल्या की शेजाऱ्याला घाव बसत नाही. आणि लय सगळ्यांत दमलेल्याला झेपेल अशी धरली की मागे पडला म्हणून एकट्यालाच मार बसत नाही. ओव्या गात दळणारी बाई जात्यावरून उठू शकत होती का, आणि तो कैदी काम सोडून जाऊ शकत होता का, हे दोन प्रश्न शेजारी शेजारी ठेवा.

फेब्रुवारीच का, असं कुणी विचारलं तर : कार्टर वुडसन या इतिहासकारांनी 1926 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन (12 तारीख) आणि गुलामीविरुद्ध लढलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस (14 तारीख) यांचे जन्मदिन साधून एक आठवडा सुरू केला. 1976 पासून त्याचा महिना झाला.

प्रश्न : 'निग्रो' म्हणू नये म्हणतात. मग जुन्या मराठी पुस्तकांत तो का सापडतो? आणि 'हबशी'? (वाचनालयातले एक कार्यकर्ते, कराड)

तेव्हा तो शिवी नव्हता. वुडसन यांनी स्वतः आपल्या आठवड्याला 'निग्रो इतिहास सप्ताह' म्हटलं होतं. 1960 च्या दशकाच्या अखेरीस तरुण पिढीने तो टाकला आणि 'ब्लॅक' हा शब्द अभिमानाने उचलला. जुनं पुस्तक वाचताना शब्द खोडू नका, समासात साल लिहा. स्वतः लिहिताना कृष्णवर्णीय किंवा आफ्रिकी अमेरिकन लिहा. याच शब्दापासून झालेली एक खरोखरची शिवी मात्र मुलं रॅप गाण्यांतून उचलतात. ती आपण गातानाही गाळायची, मूळ गायक ती वापरत असला तरी.

'हबशी' म्हणजे हबश देशाचा, आजच्या इथिओपियाकडचा. मलिक अंबर तिथला. गुलाम म्हणून विकला गेला, पुढे निजामशाहीचा कारभारी झाला आणि त्याने 1610 मध्ये खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवली. त्याच्याबद्दल लिहिताना शब्द चालेल, गल्लीतल्या कुणाला हाक मारताना नाही. एक फरक ध्यानात ठेवा. दख्खनमध्ये असा गुलाम सेनापती होऊ शकत होता. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात 1662 च्या कायद्याने आई गुलाम असेल तर मूल जन्मतःच गुलाम ठरलं. तिथे वर चढायला जिनाच ठेवला नाही.

प्रश्न : जात आणि वंश एकच, असं एका व्याख्यानात ऐकलं. वाद झाला. तुमचं मत? (सातारा)

एकच नाहीत, पण नात्यातले आहेत. दोन्ही जन्मावर लादलेले आणि दोन्ही लग्नावर पहारा ठेवणारे. अमेरिकेत गोऱ्या-काळ्यांच्या विवाहबंदीचे उरलेसुरले कायदे 1967 मध्ये रद्द ठरले. तिथे खूण कातडीवर शोधतात, इथे आडनावात, वस्तीत आणि पाणवठ्यावर. आणि वंश ही जीवशास्त्राची गोष्ट आहे असं कुणी म्हणालं तर सांगा : माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी साधारण 85 टक्के एकाच समूहाच्या आतच सापडतात.

नात्याची साक्ष तुमच्याच जिल्ह्यात आहे. ज्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतली गुलामी संपवायला झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं. ती अर्पणपत्रिका वर्गात जरूर वाचा, पण सोबत हेही सांगा की अमेरिकेच्या यादवी युद्धात सुमारे 1 लाख 80 हजार कृष्णवर्णीय सैनिक स्वतः लढले. 'लिंकनने सोडवलं' एवढ्यावर भागत नाही. लिंकन यांचा 1 जानेवारी 1863 चा गुलाममुक्तीचा जाहीरनामा फक्त बंडखोर मुलखाला लागू होता. टेक्सासमध्ये बातमी पोचून अंमल सुरू झाला 19 जून 1865 ला, आणि केंटकीतल्या गुलामांना तर त्याच वर्षीच्या डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं.

साताऱ्याच्याच शाळेत शिकलेल्या बाबासाहेबांनी 1946 मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस या कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंतांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. अस्पृश्यांना तोच मार्ग धरता येईल का, हे त्यांना पाहायचं होतं. आमच्या मते नात्याचा हा सगळ्यांत नेमका पुरावा : दुसऱ्याचं दुःख आपल्यासारखं आहे एवढं म्हणून न थांबता त्याचा मसुदा मागवणं.

प्रश्न : माझा वर्गमित्र टांझानियाचा आहे. बाजारात लोक न विचारता फोटो काढतात, केसांना हात लावतात. खोली बघायला गेलो की 'आताच गेली' म्हणतात. तो हसून सोडतो. मी काय करू? (विद्यार्थी, सांगली)

आधी त्यालाच विचार, मी मध्ये बोललेलं तुला चालेल का. काहींना तमाशा वाढलेला नको असतो. तो हो म्हणाला तर वाक्य छोटं ठेव : 'काका, आधी विचारा ना त्याला.' भाषण दिलंस की गर्दी जमते आणि परत सगळे त्याच्याकडेच बघतात.

त्याला 'आफ्रिकेत कसं असतं?' असं विचारू नकोस, तिथे 54 देश आहेत. त्याच्या देशातल्या स्वाहिली भाषेबद्दल विचार. दुकानाला 'दुका', पुस्तकाला 'किताबू', विम्याला 'बीमा', आणि चहा-चपातीला 'चाय' नि 'चपाती'. अर्धा तास कसा जातो कळत नाही.

खोलीचं म्हणशील तर काही घरमालक रंगाला नाही, कागदांना भितात. परदेशी भाडेकरूची माहिती मालकाने 24 तासांच्या आत ऑनलाइन नोंदवायची असते. पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती, फोटो आणि कॉलेजचं पत्र एका फाइलमध्ये घेऊन जा आणि नोंदणी भरायला मी मदत करतो असं पहिल्याच भेटीत सांग. खोली आहे का हे फोनवर आधी तू विचार, मग दोघं जा. तासाभरापूर्वी रिकामी असलेली खोली दारात उभं राहिल्यावर 'आताच गेली' झाली, तर अडचण कागदांची नव्हती. पुढची खोली बघायला त्याला एकट्याला पाठवू नकोस.