पोलिसांनी हात दाखवला, पण मुलगा थांबला नाही

प्रश्न : रहाटे कॉलनी चौकातील नाकाबंदीत माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला पोलिसांनी हात दाखवला. हेल्मेट नसल्याने घाबरून त्याने गाडी वळवली आणि उलट्या दिशेने पळवली. समोरच्या हवालदाराला उडी मारून बाजूला व्हावे लागले. गाडी माझ्या नावावर असल्याने मला पोलीस ठाण्यातून फोन आला आहे. दंड भरून हे मिटेल का? मुलाचे नाव मी सांगितलेच पाहिजे का?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : 'पोलिसांपासून पळणे' असा स्वतंत्र गुन्हा आपल्या कायद्यात नाही; पळताना चालक काय करतो, त्यावरून कलमे वाढत जातात. त्याने नुसता इशारा डावलला असता, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७९ खाली २,००० रुपयांपर्यंतच्या दंडावर भागले असते (२०१९ च्या दुरुस्तीपूर्वी ही मर्यादा ५०० रुपये होती). हेल्मेटचा दंड वेगळा, पण या प्रकरणात तो सर्वांत क्षुल्लक.

खरी अडचण हवालदाराच्या त्या उडीत आहे. बेदरकारपणे गाडी हाकल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, मात्र ते कलम जामीनपात्र आहे. परंतु 'कर्तव्यावर असताना माझ्या अंगावर गाडी घातली' असा जबाब हवालदाराने दिला, तर त्याच संहितेचे कलम १३२ लागू शकते. त्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा असून ते अजामीनपात्र आहे. मुलाने गाडी मुद्दाम अंगावर घातली की निसटण्याच्या घाईत ती जवळून गेली, हा वाद न्यायालयात चालेल आणि चौकात कॅमेरा असल्यास त्याचे चित्रण तिथे मोलाचे ठरेल. चलान भरल्याने असा गुन्हा मिटत नाही.

नाव सांगावेच लागेल. अधिकृत पोलीस अधिकाऱ्याने विचारल्यास चालकाची माहिती देणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ नुसार मालकाचे कर्तव्य आहे, आणि ती दडवल्यास त्याच कायद्याच्या कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. 'गाडी कोणी नेली, ठाऊक नाही' हे घरोघरी सुचणारे उत्तर तुम्हालाच आरोपी करील. मुलाऐवजी दुसऱ्या कोणाचे नाव पुढे करणे तर त्याहून वाईट.

ठाण्यात जाण्यापूर्वी गुन्हा नोंदला आहे का आणि कोणत्या कलमांखाली, एवढे वकिलामार्फत विचारून घ्या. न्याय संहितेचे कलम १३२ असेल, तर नागपूरच्या सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनासाठी तातडीने अर्ज करा. नसेल, तर परवाना, नोंदणी प्रमाणपत्र आणि विम्याची कागदपत्रे घेऊन मुलासोबत ठाण्यात हजर व्हा.