खोल तळाचे मासे जगभर सारखे का नाहीत?

प्रश्न : खोल समुद्रात सगळीकडे काळोख, गारठा आणि पाण्याचा प्रचंड दाब. मग तळाशी राहणारे मासे जगभर एकसारखेच का नसतात? आणि आपल्या ट्रॉलरना ते कधी मिळतात का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : काळोखाचं मान्य. गारठ्याचं तसं नाही. अटलांटिकात चार हजार मीटरवर तापमान अडीच-तीन अंश, तर भूमध्य समुद्रात तितक्याच खोलीवर १३-१४ अंश! या दोन समुद्रांना जोडणाऱ्या जिब्राल्टरच्या चिंचोळ्या वाटेत तळ उंबऱ्यासारखा वर आलेला आहे; हा उंबरा जेमतेम ३०० मीटर खोल, त्यामुळे अटलांटिकच्या तळाचं गार पाणी आत शिरतच नाही.

संशोधक लोखंडी चौकटीवर कॅमेरा बसवतात, आमिषाला मॅकरेल (आपल्या बांगड्याचा भाऊबंद) बांधतात आणि ती तळाशी सोडतात. अटलांटिकात तासाभरात रॅटटेल हजर होतो. भलंमोठं डोकं, हनुवटीला एक मिशी, मागे निमुळती होत गेलेली शेपटी. भूमध्याच्या तळाशी ही जात औषधालाही नाही. तिथे तिचा बारका नातलग, आणि परांच्या लांब काड्यांवर चिखलात उभा राहून प्रवाहाकडे तोंड करणारा तिपाई मासा. वरून पडणारं अन्नही तिथे बेताचंच. त्यात सुमारे ५९ लाख वर्षांपूर्वी हा समुद्र अटलांटिकपासून तुटत गेला, पाणी भयंकर खारट झालं आणि खोल पाण्यातले जीव संपले. आजची वस्ती ५३ लाख वर्षांपूर्वी वाट पुन्हा उघडल्यानंतरची, उंबरा ओलांडू शकलेल्यांची.

आपल्या अरबी समुद्राची अडचण निराळीच. साधारण १५० ते १००० मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू जवळपास नाहीच, विशेषतः उत्तरेला आणि मध्यात. १९३३-३४ साली ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजाने अरबस्तानाच्या किनाऱ्यालगत या खोलीवर जाळी ओढली, तेव्हा हाती फारसं काही लागलं नाही. त्याहून खाली प्राणवायू वाढतो, आणि मासेही. म्हणजे खोल गेलं की मासे कमी होत जातात, हा सरधोपट नियम इथे चालत नाही.

आता ट्रॉलरचं. कोकणातले बहुतेक ट्रॉलर खंडमंचावरच, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ तळावरच फिरतात, त्यामुळे रत्नागिरीच्या बंदरात असा मासा बघायला मिळणं कठीण. केरळात कोल्लमकडचे ट्रॉलर मात्र खोल पाण्यातल्या कोळंबीसाठी २०० मीटरच्याही खाली जातात. त्यांच्या जाळ्यात रॅटटेलचे भाईबंद आणि मोठाल्या हिरवट डोळ्यांचे मासे येतात. त्यांना भाव नसतो. कधी तिकडे गेलात, तर लिलावाच्या टोपल्यांपेक्षा बाजूला टाकलेली कुटीची (भुकटी करायची) मासळी आधी बघा.