टेस्टोस्टेरॉन कमी असलं की इन्सुलिन रेझिस्टन्स वाढतो का? इंजेक्शन घेतलं तर शुगर सुधारेल का?

वाढतो. घरात बघितलंय.

बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला तेव्हा ल्युप्रोलाइडची इंजेक्शनं सुरू झाली. त्यात टेस्टोस्टेरॉन मुद्दाम जवळजवळ शून्यावर आणतात. कॅन्सर आटोक्यात आला, पण काही महिन्यांत बाबांचं घड्याळ मनगटावर गरागरा फिरायला लागलं आणि पँटचा पट्टा मात्र पुरेना. एचबीए१सी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी, जन्मात कधी सहाच्या वर नव्हतं, ते साडेसातला पोचलं. थोरल्या काकांनी लगेच निकाल दिला: "हा चोरून गोड खातो." आले की आमची कपाटं उघडायचे, डबे हलवून बघायचे. कॅन्सरच्या पेशंटच्या घराची झडती! बाबा गप्प बसायचे, त्याचाही अर्थ काका कबुली असाच काढायचे.

अहो, जेवणानंतरचं बरंचसं ग्लुकोज स्नायू उचलतात. टेस्टोस्टेरॉन गेलं की स्नायू झिजतात, चरबी वाढते आणि तेवढ्याच इन्सुलिनमध्ये भागेनासं होतं. २००६ च्या एका अभ्यासात अशा उपचाराने डायबेटिस नसलेल्या पुरुषांचीही इन्सुलिन सेन्सिटिव्हिटी (इन्सुलिनला दाद देण्याची शरीराची क्षमता) १२ आठवड्यांत घटली होती. काकांना तो कागद दिला, तर म्हणाले, "डॉक्टर काय, काहीही लिहितात."

तुमचं मात्र उलटं असू शकतं. पोट सुटलं असेल तर वाढलेल्या इन्सुलिनमुळे लिव्हर एसएचबीजी (रक्तात टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं प्रथिन) कमी बनवतं आणि टोटल टेस्टोस्टेरॉन कमी दिसतं, फ्री, म्हणजे मोकळं असलेलं, ठीक असलं तरी. सकाळी उपाशीपोटी, दोन वेगळ्या दिवशी तपासा. वजन उतरलं की टेस्टोस्टेरॉनचा आकडा बहुतेकदा आपणच चढतो.

इंजेक्शनचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियातल्या टी४डीएम चाचणीत (२०२१) पन्नाशीपुढचे, पोट सुटलेले पुरुष होते. वजन उतरवण्याचा कार्यक्रम सगळ्यांना होता. दोन वर्षांनी टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत १२ टक्क्यांना डायबेटिस होता, न घेणाऱ्यांत २१ टक्क्यांना. पण घेणाऱ्यांतल्या २२ टक्क्यांचं हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) ५४ टक्के किंवा त्याच्या वर गेलं, म्हणजे रक्त दाट झालं. तेव्हा जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून टोचून घेऊ नका.

आणि घरात कुणाची शुगर अचानक चढली तर आधी त्याच्या औषधांची यादी वाचा, डबे नंतर हलवा. काका हे वाचत असतील तर उत्तमच.

हो, एक राहिलं. हे वाचून कुणी कॅन्सरचं इंजेक्शन बंद करू नका. बाबांची शुगर मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) आणि रोजच्या वजनं उचलण्याने आवाक्यात आली. आणि तुम्हाला मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉनच्या वाटेला जाऊच नका, बाहेरून घेतलं की शुक्राणू बनणं मंदावतं, कधी पार थांबतं.