श्लॉस : कुलूप की किल्ला?

मालवणात निवास-न्याहारी चालवणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे : "आमच्याकडे अधूनमधून जर्मन पाहुणे उतरतात. माझ्या मुलाने इंग्रजी 'लॉक'चा जर्मन शब्द मोबाइलवर शोधून खोलीच्या दारामागे पाटी लावली, 'बिटं दास श्लॉस निश्त फेरगेसन', म्हणजे 'कृपया कुलूप विसरू नका'. परवा एक जोडपं ती वाचून खाली आलं आणि सिंधुदुर्गाची होडी किती वाजता सुटते ते विचारून धक्क्यावर निघूनही गेलं. वर खोली सताड उघडी. मुलाचं चुकलं कुठे?"

ताई, कोशाप्रमाणे पोराचं काही चुकलेलं नाही. 'लॉक' म्हणजे 'श्लॉस' हे खरंच. पण श्लॉस म्हणजे महाल किंवा किल्लाही, आणि खिडकीतून समुद्रातला तट दिसत असताना सुट्टीवर आलेला माणूस कडीकुलपाचा विचार कशाला करील? (सिंधुदुर्गाला चोख जर्मनमध्ये 'फेस्टुंग' म्हणतील, श्लॉस म्हटलं की आता राजेरजवाड्यांचे महाल आधी आठवतात. पण घरमालकिणीच्या पाटीवर तो शब्द दिसला तर पाहुणा तरी कुठे हुज्जत घालणार.) 'लॉक'चे बाकीचे अर्थ भराभर सांगून टाकतो. कालव्यावरचं लॉक म्हणजे 'श्लॉयझं', केसांची बट म्हणजे 'लॉकं', मोबाइल लॉक करायचा तर 'श्पेरन', गाडीची चाकं लॉक झाली तर 'ब्लोकीरन'. कुठल्याही बऱ्या कोशात हे आहे.

मला बोलायचंय ते किल्ल्याबद्दल. मालवणच्या धक्क्यावर एक वाटाडे आहेत. गेली कित्येक वर्षं होडीत माणसं बसली की ते एकच वाक्य ऐकवतात : "जेच्या हातात किल्ली, तेचो किल्लो. म्हणान तर किल्लो म्हणतत." माणसं माना डोलावतात, शाळेच्या सहलीतली मुलं वहीत उतरवून घेतात आणि मी होडीच्या कडेला दात-ओठ खात बसतो. 'किल्ला' हा अरबी 'कलआ', फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला. किल्लीशी त्याचं काडीचंही नातं नाही. नुसता 'ल्ल' सारखा दिसला म्हणून सोयरीक जुळवायची असेल तर मग वल्लीचा वल्ल्याशीही पाट लावा. हीच गत मुरुडच्या जंजिऱ्याची. तो अरबी 'जझीरा', म्हणजे बेट. साखळीवाली 'जंजीर' फारसी, तिचं घराणं वेगळं. पण 'समुद्रात साखळी बांधली होती म्हणून जंजिरा' हे सांगणारे दर सुट्टीत नवे निपजतात.

आता यातली गंमत बघा. आमच्या वाटाड्यांनी मराठीवर लादलेली थाप जर्मनमध्ये अक्षरशः खरी आहे!

जर्मनमध्ये 'श्लीसन' म्हणजे बंद करणे. ज्याने बंद करायचं ते 'श्लॉस', ज्याने उघडायचं ते 'श्ल्युसल'. श्लॉस आधी दाराचा अडसर, कुलूप. मग मध्ययुगीन जर्मनमध्ये तोच शब्द कोटाला, गढीला लागला, कारण गढी वाट अडवते, खोरं बंद करते. म्हणजे किल्ला हे मुलखाला घातलेलं कुलूपच. आपल्याकडेही घाटांच्या तोंडाशी किल्ले बसवले ते याच कामासाठी, पण शब्द घेतला 'दुर्ग' : दुर् अधिक ग, जिथे जाणं अवघड. त्यांनी दरवाजाकडे बघून नाव ठेवलं, आपण चढणाऱ्याच्या धापेकडे बघून. कुरटे बेटावर १६६४ साली बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्गाचा तर दरवाजाच तटाच्या वळणात असा लपवलाय की होडी जवळ जाईपर्यंत सापडत नाही. तिथे कुलूप-किल्लीची मातब्बरी ती काय!

पुढे महालांनाही श्लॉस म्हणायला लागले आणि भाषांतर करणाऱ्यांचे हाल सुरू झाले. 'श्लॉसर' म्हणजे किल्लेदार नव्हे, कुलुपं दुरुस्त करणारा किंवा कारखान्यातला फिटर. 'लुफ्टश्लॉस' म्हणजे हवाबंद कुलूप नव्हे, आपण मनात मांडे खातो तसा हवेत बांधलेला महाल. 'हिंटर श्लॉस उंट रीगल' म्हणजे 'कुलूप आणि अडसर यांच्या मागे', तुरुंगात. इथे श्लॉसचा पहिला सापडेल तो अर्थ उचलला तर कैदी महालात जाऊन बसेल. आणि खुद्द इंग्रजी 'लॉक'चा सख्खा जर्मन भाऊ कोण, माहीत आहे? 'लॉख', म्हणजे भोक! एकाच घरातले दोघे, एक बंद करत बसला, दुसरा उघडा पडला.

तर आता किल्ली. वेंगुर्ल्यापासून रत्नागिरीपर्यंत तिला 'चावी'ही म्हणतात आणि हा शब्द पोर्तुगीज 'शाव्ह'वरून आला हे सगळे सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही. लॅटिनमध्ये शब्दाच्या आरंभी क्ल, प्ल, फ्ल आले की जुन्या पोर्तुगीजमध्ये त्यांचा 'च' व्हायचा. 'प्लुविया'चा, म्हणजे पावसाचा, 'चुव'. 'क्लावीस'चा, म्हणजे किल्लीचा, 'चाव'. आज लिस्बनमध्ये त्या 'च'चा 'श' झालाय. आमच्या घडवंचीवरच्या टोपलीतली चावी मात्र जुना 'च' धरून बसली आहे! आणि हा 'क्लावीस' ज्या मुळातून निघाला त्याच मुळातून जर्मन श्लीसनही निघालं. म्हणजे ताईंच्या कमरेची चावी आणि दारामागच्या पाटीवरचा श्लॉस ही लांबची भावंडं. हे कळलं त्या दिवशी मी घरात दोनदा चहा मागितला.

'किल्ली'चं काय? माझं मत पक्कं आहे : फारसी 'किलीद'. आणि किलीद आला ग्रीक 'क्लेइस'वरून, जो पुन्हा त्याच घराण्यातला. म्हणजे चावी समुद्रातून आली, किल्ली खुश्कीने, आणि दोघी मालवणात एका खिळ्याला लटकल्या. पुण्यातले एक व्युत्पत्तिप्रेमी मला दर भेटीत सुनावतात की 'किल्ली' शुद्ध संस्कृत 'कील'वरून, कील म्हणजे खुंटी. त्यांना माझा सवाल एकच. कीलचा मराठीत रीतसर 'खिळा' झाला, क जाऊन ख आला. मग त्याच कीलची ही दुसरी लेक 'क' घेऊन कशी उभी राहिली? यावर ते विचारतात, किलीदचा 'द' कुठे गेला? गेला असेल घाटात घसरून! अरबी 'कुफ्ल'चं आपण कुलूप केलं, फ आणि ल यांची जागाच बदलली, नुकसानाचं नुसकान करतो तसं. तिथे एका 'द'चा हिशेब कोण ठेवतो? हे उत्तर लंगडं आहे, मला ठाऊक आहे. त्यात त्यांच्या बाजूचा सर्वांत भारी मुद्दा त्यांना अजून सुचलेला नाही, तो मीच इथे देऊन टाकतो : लॅटिनमध्येही 'क्लावुस' म्हणजे खिळा आणि 'क्लावीस' म्हणजे किल्ली हे जोडशब्द आहेत. जुनी किल्ली ही अडसर सरकवायची खुंटीच असायची. तेव्हा खुंटीची किल्ली होण्यात अर्थाच्या दृष्टीने काहीच वावगं नाही. घ्या महाराज, आता तरी माझ्या किलीदवर नीट तुटून पडा.

अरे, पाटी राहिलीच. इंग्रजी नामाला जर्मन नाम शोधूच नका ताई, क्रिया सांगा : 'बिटं दी ट्यूर आबश्लीसन', कृपया दाराला कुलूप लावा. हाच 'आबश्लीसन' शिक्षण पुरं करण्याला आणि करार करण्यालाही चालतो, पण आधी 'ट्यूर', म्हणजे दार, आलं की कोणी पदवी घ्यायला जाणार नाही. त्याखाली 'किल्ली खिळ्याला अडकवा' असंही लिहायचं म्हणत होता ना मुलगा? इंग्रजी 'नेल'चे नख आणि खिळा हे दोन्ही अर्थ जर्मन 'नागल'मध्येही आहेत, आणि आपलं नख त्याचंच नातलग आहे, त्यामुळे तिथे अडचण नाही. फक्त 'खिळ्याला अडकवणे' म्हणजे जर्मनमध्ये एखादा धंदा कायमचा सोडून देणे असंही होतं. ओळीत 'श्ल्युसल' हा शब्द ठळक अक्षरात काढा, नाहीतर हे पाहुणे तुमचं निवास-न्याहारी बंद होणार म्हणून हळहळतील.