कोथरूडहून रोज गाडीने हिंजवडी गाठावी, की शिवाजीनगरचीच नोकरी घ्यावी?

पुण्यात घर कोथरूडला, एक ऑफर शिवाजीनगरची, दुसरी हिंजवडीची आणि तिथे महिना दहा हजार जास्त. रोज गाडीने परवडेल का, असं तुम्ही विचारलंय. ऑफिस हिंजवडी आयटी पार्कच्या फेज १ मध्ये (म्हणजे पहिल्या टप्प्यात) असेल आणि यायच्या-जायच्या वेळेला मोकळीक असेल तर विचार करा. नाहीतर शिवाजीनगर.

पेट्रोलचं आधी उरकू. जाऊन-येऊन ४० किमी धरा. कागदावरचं मायलेज विसरा, कोंडीत छोट्या पेट्रोल गाडीने (हॅचबॅक) लिटरला १२ किमी दिले तरी पुष्कळ. २२ दिवसांचं साधारण ७३ लिटर, लिटरला १०४ रुपये धरले तर साडेसात हजारांच्या वर. वाढीव दहा हजारांवर कर लागतो, म्हणजे हातात काय उरलं ते बघा.

त्यात क्लच. वाकडपासून पुढे गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर सरकत राहते आणि प्लेट जळते. बदलायची वेळ आली की प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग सहसा एकदमच बदलतात. एएमटी (गिअर आपोआप बदलणारी गाडी) घेतली म्हणजे सुटलो असं नाही, आत क्लच असतोच. पुढच्या गाडीला चिकटू नका. न्यूट्रलला थांबा, दोन गाड्यांची जागा झाली की मग हला. ऑइल बदलतानाही नुसते किमी मोजू नका, महिनेही बघा, कारण उभ्या गाडीत इंजिन चालतं पण मीटर हलत नाही.

रस्ता: चांदणी चौक, बावधन, बाणेर, वाकड. २०२३ मध्ये चांदणी चौकातला नवा पूल झाल्यापासून सुरुवात बरी झालीये. खरं अडतं ते हायवे सोडल्यावर, भूमकर चौक आणि शिवाजी चौकाकडे. पाऊस पडला की तिथल्या वेळेचा अंदाजच बांधता येत नाही. सकाळी आठच्या आत पोहोचा किंवा साडेदहानंतर निघा. संध्याकाळी साडेचारच्या आत किंवा साडेआठनंतर. मधल्या वेळेत फेज ३ म्हणजे शिक्षाच. फेज ३ असेल तर सूस-नांदे-माण रस्ता बघून ठेवा. अरुंद आहे, रात्री जपून.

पावसाळ्यात शनिवारी ऑफिस असेल तर चांदणी चौकात मुळशीला निघालेली गर्दी आडवी येते, तेही धरून चाला.

शिवाजीनगरला मात्र गाडी नेऊच नका. तिथे पी१-पी२ च्या तारखा (सम-विषम तारखेला रस्त्याची कुठली बाजू पार्किंगला) सांभाळाव्या लागतात, नाहीतर गाडी उचलून नेतात. वनाझहून मेट्रो धरा. सिव्हिल कोर्टला वीसेक मिनिटांत उतरता, आणि रोज तेवढाच वेळ लागतो. मेट्रो स्टेशनवर दुचाकी लावायला जागा मिळेल असं गृहीत धरू नका, घरापासून चालत किंवा रिक्षाने जमतं का ते पाहा.

होकार देण्याआधी एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी, ऑफिसच्याच वेळेला, दोन्ही बाजूंनी गाडी चालवून बघा. रविवारी जाऊन पाहिलेलं धरायचं नाही. एचआरला तीन गोष्टी ईमेलवर विचारा: फेज कुठला, आठवड्याला घरून काम किती दिवस, आणि पार्किंगची जागा नक्की मिळणार का. कंपनीची बस कोथरूडहून सुटत असेल तर गाडीचा हिशोबच मांडायची गरज नाही.